बेल व्ह्यूची स्पीडवे नाईट: पांढरं जॅकेट घालून जाऊ नका

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो स्टेडियमचा नाही, परत येताना बुक केलेल्या टॅक्सीचा, नाव घेत नाही पण तीन वेळा "दोन मिनिटांत पोचतो" आणि मग कॅन्सल, पोरगं झोपेला आलेलं, जाऊदे.

मँचेस्टरला येऊन सात वर्षं झाली. ओल्ड ट्रॅफर्डला क्रिकेट बघून झालं, फुटबॉलची तिकिटं परवडत नाहीत म्हणून बाहेरूनच फोटो काढून झाले, पण घरापासून दहा मिनिटांवर गॉर्टनला नॅशनल स्पीडवे स्टेडियम आहे हे शेजारचे आजोबा सांगेपर्यंत पत्ताच नव्हता. 2016 पासून आहे म्हणे इथं, आणि बेल व्ह्यू एसेस ही टीम तर 1928 पासूनची.

ज्यांना स्पीडवे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अंडाकृती ट्रॅक, त्यावर विटकरी रंगाचा चुरा पसरलेला (शेल म्हणतात, लांबून अगदी तालमीतल्या हौद्यासारखा दिसतो), चार जण, चार फेऱ्या, 500 सीसीची एका सिलिंडरची मोटारसायकल, मिथेनॉलवर चालते, आणि ब्रेक नाही. परत लिहिते, ब्रेक नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीला लावून गाडी तिरकी ठेवायची, त्या पायातल्या बुटाला खालून स्टीलचा तळ असतो. पहिल्याला 3 पॉइंट, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला भोपळा. मिनिटभरात खेळ खलास. अशा 15 रेस, एकेकीला हीट म्हणतात.

आता माझी पहिली तक्रार हीच होती की रेस मिनिटाची आणि मधला ब्रेक केवढा, ट्रॅक्टर येतो, माती सारखी करतो, पाणी मारतो, परत ट्रॅक्टर. दुसऱ्या हीटनंतर मी फोन काढला. आजोबा मात्र क्लिपबोर्डला प्रोग्रॅम लावून, दोन रंगांची पेनं घेऊन हिशेब मांडत बसलेले, कोण कितवा आला ते प्रत्येक चौकोनात स्वतःच्या हातानं लिहायचं, स्कोअरबोर्ड समोर असला तरी. इथले निम्मे लोक हेच करतात. बँकेतल्या जुन्या कॅशियरसारखे दिसतात सगळे. आणि त्या मधल्या वेळात ते बोलायला लागले, मेजरबद्दल.

मला अर्धा तास वाटत होतं की हे कुणी सैन्यातले मेजर. "मेजर असा उभा राहायचा, मेजर तसा सुटायचा." मग प्रोग्रॅमच्या कडेला त्यांनी नाव लिहून दाखवलं तेव्हा कळलं, न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर, लिहायचं मॉगर आणि म्हणायचं मेजर. सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन! 1968, 69, 70 लागोपाठ, मग 72, 77 आणि शेवटचं 1979 ला पोलंडमधल्या होजूफला, तेव्हा चाळिशीला महिना राहिला होता. एप्रिल 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला गेले, 78 वर्षांचे होते.

आजोबांनी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते 1969 ला, शनिवारी संध्याकाळी, वडिलांच्या खांद्यावर बसून, इथून जवळच्याच हाइड रोडच्या जुन्या ट्रॅकवर. तो ट्रॅक 1987 मध्ये बंद झाला. 1969 ते 72 ही चार वर्षं मेजर बेल व्ह्यूकडून पळायचे आणि 1970, 71, 72 सलग तीन वर्षं लीग आपली, "आपली" म्हणताना आजोबांनी छातीवरचा बिल्ला असा ठोकला की माझा मुलगा दचकला. त्यांच्या आठवणीत रेस कमी आणि सुरुवातच जास्त आहे. बाकीचे तिघं गाडी पुढंमागं करतायत, हा बुटानं आपल्या चाकापुढची माती नीट करून घेतोय, मग एकदम पुतळा, सुरुवातीच्या रेषेवर आडवी लावलेली फीत वर गेली की हा पहिल्या वळणावर आणि बाकीचे त्याची माती खातायत. पाचव्या हीटला तसाच एक जण सुटला तेव्हा म्हणाले, "बघ, असं." तेव्हापासून मी फक्त फितीकडे बघायला लागले आणि खरं सांगते, तेव्हा कुठं खेळ कळला.

पुढच्या रांगेत दोन म्हाताऱ्या बायका होत्या, त्यातली एक वळून म्हणाली की बेल व्ह्यूचं कौतुक पुरे, तो आमच्या एक्सेटरकडूनही पळलाय आणि 1974 ला लीग आम्हीच जिंकलीय. मग जे सुरू झालं! एक्सेटरच्या ट्रॅकभोवती लोखंडी पत्र्याचं कुंपण होतं, भलेभले तिथं बिचकायचे. मधेच मागून कुणीतरी स्वीडनच्या टोनी रिकार्डसनचं नाव काढलं, त्याचीही सहाच टायटल आहेत ना, तर तिघांनी एकदम त्याला गप्प केलं. आपल्याकडे गावसकर की तेंडुलकर वर जशी घरं फुटतात तसंच.

सोन्याच्या गाडीचं मात्र मला पटेना. 1970 च्या आधी दोन अमेरिकन चाहत्यांनी सांगितलं होतं की तिसऱ्यांदा जिंकलास तर गाडी सोन्यानं मढवून देऊ, हा पोलंडला व्रोत्सवाफला जिंकला आणि त्यांनी खरंच दिली. ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियमकडे आहे ती. मेजरनी वर्षानुवर्षं जावा चालवली हे ऐकून मी एकदम सावरून बसले, कारण सांगलीला आमच्या काकांकडे येझदी होती, तीही त्याच खानदानातली. हे सांगितल्यावर आजोबांच्या लेखी माझी इज्जत वाढली.

आणि वास! गाड्या सुटल्या की एक गोडसर, जळका वास नाकात बसतो. आजोबा डोळे मिटून घेतात. मला ओळखीचा वाटला पण नाव सुचेना, मग ते म्हणाले की कॅस्टर ऑइल, जुन्या काळापासून इंजिनात तेच घालतात कारण ते मिथेनॉलमध्ये विरघळतं. म्हणजे एरंडेल! लहानपणी आजी रविवारी नाक दाबून पाजायची ते. ज्या वासानं मी घरभर पळायचे त्या वासासाठी हा माणूस पन्नास वर्षं तिकीट काढतोय.

मेजर सतरा वर्षांचे असताना, 1957 ला, नव्या नवरीला घेऊन इंग्लंडला आले, विम्बल्डनच्या स्पीडवे टीममध्ये बस्तान बसलं नाही, परत गेले आणि 1963 ला पुन्हा आले ते न्यूकॅसलला. हे आजोबांनी माझ्याकडे बघून सांगितलं, का ते मला कळलं. शेवटी शेवटी मेजरना स्मृतिभ्रंश झाला होता, तेही सांगितलं, आणि लगेच अकराव्या हीटचे आकडे भरायला घेतले. मी काही बोलले नाही.

आता कामाचं. पेन घरून न्या. पोरांना कानाला हेडफोन लावा, आवाज खराच आहे. थंडीचे कपडे हवेतच, जूनमध्येसुद्धा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वळणाजवळ बसायचं तर चार गाड्या आल्या की क्लिपबोर्ड तोंडासमोर धरायचा. पहिल्या हीटला आजोबांनी धरला तेव्हा मला वाटलं हे घाबरले की काय, दुसऱ्या क्षणाला माझ्या चहात, केसांत आणि नव्याकोऱ्या पांढऱ्या जॅकेटवर विटकरी माती. चूक माझीच, त्यांनी निघतानाच जॅकेटकडे बघून भुवई उडवली होती.

जॅकेट दोनदा धुतलं, खांद्यावरचा डाग काही जात नाही. आजोबांना दाखवलं तर म्हणाले, राहू दे, पुढच्या मॅचला हेच घाल.