पायलट टिकत नाही: घड्याळाची चाचणी, नुसता मल्टिमीटर की लोडवरचं मोजमाप?

गॅसच्या उपकरणाचा नॉब दाबून धरला की पायलट (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) नीट जळतो, सोडला की विझतो. या तक्रारीवर थर्मोकपल (ज्योतीत तापून थोडी वीज देणारा दांडा) बदलणं हा सरसकट उपाय झाला आहे. पुष्कळदा तो लागूही पडतो. पण नवा थर्मोकपल बसवताना जोड पुसला जातो आणि नीट आवळलाही जातो, त्यामुळे जुना निर्दोष असला तरी ‘बदलला आणि चाललं’ असंच वाटतं. खरा दोष चार ठिकाणी असू शकतो: ज्योत, थर्मोकपल, तो व्हॉल्व्हला लागतो तो जोड किंवा त्याच्या विजेवर गॅस चालू धरून ठेवणारं व्हॉल्व्हमधलं चुंबक. तो नेमका कुठे आहे हे शोधायच्या तीन पद्धती आहेत आणि तिघींची कुवत सारखी नाही.

गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीही करू नका. मुख्य कॉक बंद करा आणि हवा खेळू द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून वास जमिनीलगत घेऊन पाहा. विझलेला पायलट पुन्हा पेटवण्याआधी निदान पाच मिनिटं थांबा.

आधी ज्योत

कोणतीही चाचणी निवडली तरी सुरुवात इथूनच. ज्योत निळी, स्थिर आणि थर्मोकपलच्या टोकाचा वरचा १० ते १३ मिलिमीटर भाग वेढणारी हवी. पिवळी, मरगळलेली ज्योत म्हणजे हवेच्या छिद्रात धूळ किंवा कोळ्याचं जाळं. बारकी, निळी पण टोकापर्यंत न पोचणारी ज्योत म्हणजे जेट (गॅस सोडणारा बारीक छिद्राचा भाग) तुंबलेला किंवा गॅसचा दाब कमी. आवाज करत बर्नरपासून उचलली जात असेल तर दाब जास्त आहे, किंवा चुकीचा जेट बसला आहे. एलपीजीचा जेट नैसर्गिक वायूच्या जेटपेक्षा बारीक असतो.

जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका. छिद्र अगदी थोडं मोठं झालं तरी ज्योत बिघडते. जेट अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा आणि दाबाच्या हवेने फुंका. खोलीतला प्राणवायू कमी झाल्यावर गॅस तोडणारा पायलट असेल, तर त्याची छिद्रं किंवा थर्मोकपलची जागा अजिबात बदलू नका. असा पायलट संच म्हणून अख्खाच बदलतात.

थर्मोकपल ज्योतीत जास्त आत सरकवल्याने वीज वाढत नाही. ती टोक आणि खालचा थंड भाग यांच्या तापमानातल्या फरकावर तयार होते. खालचा भागही तापला की उलट कमी मिळते.

तीन चाचण्या

| | घड्याळ | ओपन सर्किट | लोडवर |
|---|---|---|---|
| साधन | काही नाही | मिलिव्होल्ट मोजणारा मल्टिमीटर | मल्टिमीटर आणि टेस्ट अडॅप्टर |
| पास | ज्योत विझल्यावर ‘टक्’ आवाज सुमारे ३० ते ९० सेकंदांनी | २५ ते ३५ मिलिव्होल्ट | साधारण १० मिलिव्होल्ट किंवा जास्त |
| काय कळत नाही | दोष नेमका कोणाचा | जोड आणि चुंबक | फारसं काही नाही |

घड्याळाची चाचणी फुकटची आहे. पायलट दोन-तीन मिनिटं जळू द्या, गॅस बंद करा आणि चुंबक सुटल्याचा ‘टक्’ व्हॉल्व्हमधून येईपर्यंत सेकंद मोजा. दहा-बारा सेकंदांतच आला तर साखळीत कुठेतरी अशक्तपणा आहे, एवढंच कळतं. तीन मिनिटं उलटूनही आला नाही तर तो सुरक्षेचा दोष आहे. उपकरण वापरू नका.

ओपन सर्किटमध्ये थर्मोकपल व्हॉल्व्हपासून सोडवतात, नॉब दाबून पायलट चालू ठेवतात आणि मीटरचं एक टोक तांब्याच्या नळीला, दुसरं टोकावरच्या बिंदूला लावतात. आकडा उणे आला तर टोकं अदलाबदल करा. आकडा २० च्या खाली, ज्योत चांगली आणि टोक स्वच्छ असेल तर थर्मोकपल गेला, हे नक्की. मात्र ३० दाखवणारा थर्मोकपल चांगलाच आहे, असं म्हणता येत नाही. मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही, तर चुंबकाची गुंडाळी शेकडो मिलिअँपिअर ओढते आणि तिचा रोध ओहमच्या शतांश भागांत असतो. समजा थर्मोकपल आणि गुंडाळी मिळून ०.०४ ओहम आहे. मळलेल्या जोडाने त्यात ०.०२ ची भर घातली की प्रवाह एक-तृतीयांशाने घटतो. मीटरवर मात्र ३० चे ३०. याच कारणाने ओहम मोजणं किंवा कंटिन्युइटीचा ‘बीप’ ऐकणं निरुपयोगी आहे. शॉर्ट झालेला थर्मोकपलही बीप देतो.

म्हणून निकाल लोडवरचा, म्हणजे चुंबक वीज ओढत असतानाचा धरावा. अडॅप्टर थर्मोकपल आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बसतो. त्याच्या फटीतून आतला तारेचा बिंदू आणि बाहेरची नळी यांच्यामधला विद्युतदाब चालू स्थितीत मोजता येतो. अडॅप्टर घेताना आटे जुळतात का पाहा. सपाट चकत्यांच्या जोडाचा थर्मोकपल असेल तर मागून प्रोब टेकवता येतो, अडॅप्टर लागत नाही. आकडा आधी मुख्य बर्नर बंद ठेवून घ्या, मग चालू करून. बर्नर लागताच पडला तर बर्नरचा झोत पायलट ओढून नेतो आहे किंवा गॅसचा दाब बसतो आहे. मग पायलट विझवा आणि ‘टक्’ होताना आकडा काय होता ते लिहा. ठणठणीत चुंबक बहुधा १ ते ४ मिलिव्होल्टपर्यंत धरून राहतं. ७-८ लाच सुटत असेल तर दोष चुंबकाचा, थर्मोकपल निर्दोष आहे. उपकरणासोबतच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच खरे. थर्मोपाइलला (अनेक थर्मोकपल एकत्र जोडलेला संच) हे आकडे लागू नाहीत, तो ५०० ते ७५० मिलिव्होल्ट देतो.

आकड्यांवरून निवड

ओपन चांगला, लोडवर कमी: जोडाची टोकं कोरड्या फडक्याने पुसा, हाताने आवळा आणि पान्याने जेमतेम पाव फेरा द्या. जास्त आवळला तर टोकाची विलगक चकती चिरडते आणि शॉर्ट होतो. तरीही कमीच असेल तर थर्मोकपल बदला.

दोन्ही कमी, टोकाला भेग किंवा खड्डे: लगेच बदला. नुसती काजळी असेल तर बारीक स्टील वूलने पुसून पुन्हा मोजा. नव्याचे आटे, लांबी आणि टोकाचा आकार जुन्याशी जुळवा. जादा लांबी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, नळी काटकोनात मोडू नका.

लोडवर आकडा चांगला, तरी विझतो: आधी अतितापाचा कट-ऑफ किंवा उलटल्यावर तोडणारा स्विच थर्मोकपलच्या मंडलात मालिकेत आहे का पाहा. स्टोरेज गीझरमध्ये तो नेहमीचा संशयित. तो ठीक असेल तर चुंबक किंवा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करायचा भाग नाही. तो पात्र गॅस तंत्रज्ञाकडून अख्खा बदलून घ्या.

काहीही केलं तरी शेवटी सोडवलेल्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर गॅस बंद करा, जोड पुन्हा बसवा आणि पुन्हा तपासा. त्यानंतर पायलट तीनदा पेटवा-विझवा आणि प्रत्येक वेळी ‘टक्’ मोजा.