एमजीबी, नऊ महिने आणि एक लाटणं

पेट्रोल पंपाने मला नऊ महिन्यांत पाच वेळा रस्त्यावर उभं केलं. आपण पेट्रोल भरायला जातो तो पंप नव्हे. गाडीच्या मागच्या उजव्या अंगाला बसलेला, फुलपात्राएवढा, टाकीतलं पेट्रोल पुढे कार्बोरेटरकडे पाठवणारा विजेवरचा पंप. या लिखाणाचा निम्म्याहून जास्त भाग त्याच्यावरच जाणार आहे. ज्यांना हँडलिंग आणि पिकअप वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरावं.

गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची, छत उघडणारी दोन सीटांची; क्रोम बंपरवाली, हिरवी. बाकी स्पेक तुम्हाला पाठ असतील. मी राहतो इंग्लंडात डिडकॉटला, आणि गाडी जिथे बनली ते ॲबिंग्डन इथून पंधरा-वीस मिनिटांवर. तो कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला, त्यामुळे बाईंना माहेर जवळ असून नसल्यासारखं. कराडला फोटो पाठवला तेव्हा मावसभावाचा मेसेज आला: "एमजी म्हणजे हेक्टर ना? मग एवढी बुटकी कशी?"

घेण्याचं खरं कारण हौस नाही, चिकटपणा. इंग्लंडमध्ये गाडी चाळीस वर्षांची झाली की रोड टॅक्स शून्य. (अर्ज मात्र दरवर्षी करायचाच, शून्य पौंड भरण्यासाठी.) मोठे फेरफार केलेले नसतील तर एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. लंडनच्या यूलेझचे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना तिथे पडणारे पैसे नाहीत. विमा माझ्या रोजच्या गाडीच्या तिसऱ्या हिश्श्यात. आणि सुटे भाग! या गाड्या १९६२ पासून अठरा वर्षं बनत होत्या, पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे बारीकसारीक स्क्रूसुद्धा आज नवा मिळतो, तोही माझ्या रोजच्या गाडीच्या पार्टपेक्षा स्वस्त. हा सगळा हिशेब मी कागदावर मांडून बायकोला दाखवला. ती म्हणाली, "टॅक्स नाही म्हणून तू हत्तीपण पाळशील."

पहिला महिना मजेत गेला. सगळ्यात जास्त आवडला तो हाच पंप. किल्ली अर्धी फिरवली की मागून टकटकटकटक सुरू होतं, मग टक… टक… आणि शांत. म्हणजे कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या, मारा स्टार्टर. आत एक चुंबक पडदा ओढतो, पडद्यामागे पेट्रोल येतं, ओढ पूर्ण झाली की पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क) उघडतात, करंट तुटतो, स्प्रिंग पडदा मागे ढकलते, पेट्रोल पुढे जातं, पॉइंट पुन्हा मिटतात. एका फेरीला एक टक. वाट्या भरल्या की दाबामुळे पडदा मागे येत नाही, टकटक थांबते. इतकं प्रामाणिक यंत्र मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आजकालच्या गाडीत नुसता एक पिवळा दिवा लागतो आणि काय बिघडलंय ते कळायला वेगळे पैसे मोजावे लागतात.

सप्टेंबरात ए-३४ हायवेवर गाडीने आचके दिले आणि मेली. किल्ली फिरवली, मागून आवाज नाही. पंधरा मिनिटांनी एक सत्तरीचे गृहस्थ थांबले. बोनेटकडे बघितलंसुद्धा नाही. "टकटक येते का?" एवढंच विचारलं, रस्त्याकडेच्या गवतावर चक्क आडवे झाले, गाडीखाली हात घालून पान्याच्या मुठीने पंपावर दोन टोले दिले. टकटकटकटक! मला म्हणाले, सीटमागे काहीतरी लाकडी ठेवत जा, पान्याने पोचे येतात.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातलं मूठ तडकलेलं लाटणं सीटमागे गेलं.

ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत लाटणं दोनदा लागलं. एकदा रिमझिम पावसात, ऑफिसच्या कपड्यांवर. सिग्नलला मागे रांग, आणि मी ओल्या डांबरावर पालथा पडून लाटण्याने गाडी बडवतोय. ज्यांनी चेतक आडवी करून चालू केलेली आहे त्यांना यात लाज वाटण्यासारखं काही दिसणार नाही, पण इथल्या लोकांनी खिडक्या खाली करून बघितलं.

मग मी एका गॅरेजमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. त्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली, तपासणीचे पंचाहत्तर पौंड घेतले आणि अंदाजपत्रक दिलं सहाशे चाळीस पौंडांचं: नवा पंप, नव्या नळ्या, टाकी उतरवून साफ करणे, मजुरी. इथे अकरा वर्षं झाली तरी माझ्या डोक्यातलं रुपयांचं यंत्र बंद झालेलं नाही. सत्तर हजारांच्या वर! मी म्हटलं, टाकी घाण आहे हे कशावरून? तर म्हणे, या वयाच्या गाडीत असतेच. पन्नाशी उलटलेल्या माणसाला न तपासता मधुमेहाच्या गोळ्या लिहून द्याव्यात तसं झालं हे. मी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून बघितलं. लोणच्याच्या बरणीत, धुऊन. एक कण नाही.

जानेवारीत इंटरनेटवरून नवा पंप मागवला, बिनपॉइंटचा, इलेक्ट्रॉनिक, सव्वाशे पौंडांच्या पुढे. एका शनिवारी स्वतः बसवला. सहा आठवडे सुरळीत. त्या वेळी हे लिहिलं असतं तर "पंप बदला, सुखी व्हा" एवढीच ओळ लिहिली असती. मग फेब्रुवारीच्या शेवटी नवा पंपही तसाच मेला आणि लाटण्याने तसाच जिवंत झाला. विकणाऱ्याशी माझं जे भांडण झालं ते सात ईमेलचं आहे. त्यांचं म्हणणं, बसवलेला विजेचा माल परत घेत नाही. माझं म्हणणं, बसवल्याशिवाय तो मेलाय हे कळणार कसं? सातव्या ईमेलात मी वापरलेली भाषा आता मला परत वाचवत नाही.

कारण चूक त्यांची नव्हती. पंपाचीही नव्हती. ना नव्या, ना जुन्या.

हे कळलं ते अण्णांमुळे. अण्णा, म्हणजे माझे वडील, कराडला तीस वर्षं वायरमन होते. सप्टेंबरातच त्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "अर्थिंग बघितलंस का?" मी त्यांना समजावून सांगितलं की अण्णा, घराच्या वायरिंगचं वेगळं असतं, गाडीचं वेगळं. ते हं म्हणाले. नवा पंप मेल्यावर पुन्हा फोन झाला. "ठोकल्यावर चालतंय न्हवं?" "हो." "दोन्ही बी?" "हो." "मग जॉइंट लूज हाय. मशीन बदलून जॉइंट घट होतोय व्हय?"

व्होल्ट मोजायचा मीटर होताच. पण आधी दोन तास माझ्याच मूर्खपणात गेले, तेही सांगतो म्हणजे तुमचे वाचतील. वर्कशॉप मॅन्युअल सगळ्या वर्षांचं एकत्र असतं. १९६७ च्या अखेरपर्यंत या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. नंतर उलटं झालं. मी जुन्या गाडीची आकृती उघडून १९७२ च्या वायरी शोधत होतो आणि आधीच्या मालकाला शिव्या घालत होतो. (त्याला शिव्या घालायच्याच होत्या, पण त्या वेगळ्या कारणासाठी, ते पुढे.)

तर चाचणी अशी. माझ्या गाडीत करंट पंपातून बॉडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत येतो, तीच अर्थ. पंप सतत चालत राहावा म्हणून पुढची नळी काढून डब्यात सोडली, सिगारेट ओढणाऱ्या शेजाऱ्याला आधी घरात पाठवून. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी पंपाच्या अंगाला. पंप टकटकत असताना इथे जवळजवळ शून्य व्होल्ट दिसायला हवेत. माझ्याकडे आकडा नाचत नाचत २.९ पर्यंत जात होता. म्हणजे बारातले जवळपास तीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते, पंप उरलेल्यावर कसाबसा धापा टाकत होता, आणि वाट थोडी आणखी खराब झाली की बसकण मारत होता.

पंपाची अर्थची काळी वायर बॉडीला एका बोल्टने लावलेली. आधीच्या मालकाने गंजू नये म्हणून तळाला काळा रंग थापला होता. बोल्टवर, वायरीवर, आणि बोल्ट काढून पुन्हा लावताना टर्मिनलच्या खालीसुद्धा. मधे पन्नास वर्षांचा गंज आणि वर हा रंग. टोला बसला की टर्मिनल केसभर सरकायचं आणि कुठेतरी धातूला धातू लागायचा. मी लाटण्याने पंप नव्हे, ती वायर दुरुस्त करत होतो.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, टर्मिनल नवीन, दातेरी वॉशर, नवा बोल्ट, वरून व्हॅसलीन. खर्च पौंडापेक्षा कमी. आकडा ०.१. अण्णांना मीटरचा फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला आणि लगेच विचारलं, "बॅटरीचं अर्थिंग बघितलंस का?" ते बघितलं. तेही घासावं लागलं. बॅटऱ्या या गाडीत सीटमागे गालिच्याखाली असतात, सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकीला जोडून दुसरी. तिथे हात घालणं म्हणजे उतरंडीच्या तळातला डबा काढणं.

त्यानंतर जुना पंप उघडला. पॉइंट थोडे काळे होते, नखांच्या कानशीने घासले (बायकोला हे माहीत नाही), परत बसवला. नवा पंप नव्वद पौंडांना विकून टाकला. जुनाच का? कारण तो बिघडला तर मला रस्त्याकडेला उघडून घासता येतो. इलेक्ट्रॉनिकला नुसतं बघत बसावं लागतं. आणि विकणाऱ्याला आठवा ईमेल लिहिला, माफीचा. उत्तर आलं नाही. रास्त आहे.

बाकीच्या तक्रारी भराभर. छत गळतं, चालवणाऱ्यावर नाही, शेजारच्याच्या उजव्या गुडघ्यावर, थेंब थेंब, अभिषेकासारखं. बायको आता मांडीवर नॅपकिन घेऊनच बसते. कार्बोरेटर दोन्ही एसयू कंपनीचे. डोक्यावरच्या छोट्या टोप्या काढून आत इंजिन ऑइल घालावं लागतं हे मला चार महिने माहीतच नव्हतं, तोपर्यंत पिकअप घेताना गाडी उचकी द्यायची आणि मी त्याचंही खापर पंपावर फोडत होतो. तारांच्या चाकांना नटबोल्ट नाहीत, मधला कानवाला स्पिनर तांब्याच्या हातोडीने ठोकायचा. कुठल्या दिशेला सुटतो ते त्याच्यावर कोरलेलं असतं, आणि दोन बाजूंना दिशा उलट असते. मी ते न वाचता डाव्या बाजूचा सोडवतोय असं समजून दहा मिनिटं घट्ट केला. पुढच्या प्रत्येक चाकाच्या किंगपिनला (ज्या खिळीवर चाक वळतं ती) ग्रीसचे तीन निपल, दर तीन हजार मैलांनी ग्रीस. हे काम मात्र मला आवडतं, का ते विचारू नका. ऑइल थोडं गळतं, खाली पुठ्ठा ठेवतो.

पेट्रोलचं मात्र जपा. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० आहे, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, आणि जुन्या रबराच्या नळ्या त्याने मऊ पडतात. माझी एक नळी कार्बोरेटरजवळ बोटाने दाबली तर शिळ्या गुलाबजामसारखी लागली. तीन नळ्या बदलल्या आणि तेव्हापासून कमी इथेनॉलचं सुपर ई-५ भरतो. लिटरमागे दहा-पंधरा पेनी जास्त जातात, आणि दर वेळी नोझल हातात घेताना माझा जीव तुटतो. सक्ती नसताना एमओटीही करून घेतली, ५४ पौंड ८५ पेनी. खालून बघणारा दुसरा माणूस मला एवढ्या पैशांत मिळणार नव्हता. त्याने विचारलं, "अर्थच्या जागी नवीन बोल्ट कोणी घातला? छान आहे." हे पंचावन्न पौंड वसूल.

नऊ महिन्यांचा हिशेब मांडला. टॅक्स आणि विम्यात वाचलेले पैसे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला गॅरेजची तपासणी, पंपाच्या खरेदी-विक्रीतला तोटा, नळ्या, हातोडी, मीटरच्या बॅटऱ्या, महाग पेट्रोल. एकशे बारा पौंड वजा. बायकोला हा कागद दाखवलेला नाही.

मग पाचवी वेळ कुठली, असं विचाराल. ती गेल्या रविवारची, ॲबिंग्डनच्या अलीकडे दोन मैल. आचके, शांतता, मी लाटणं घेऊन खाली. टोला मारणार तेवढ्यात ऐकलं: टकटकटकटकटक, थांबेचना. पंप जीव तोडून चालत होता. टाकीत पेट्रोलच नव्हतं. काटा अर्ध्यावर होता, आणि आता आठवतंय, ऑगस्टपासून तो अर्ध्यावरच आहे. त्याचंही अर्थिंग बघायचंय.