कमल : एकाच सर्व्हरवर संसार करणाऱ्यांसाठी

दादरच्या एका प्रकाशनासाठी दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी घेणारे वेब अ‍ॅप आम्ही सांभाळतो. एरवी त्यावर वर्दळ बेताचीच असते, पण ऐन हंगामात ते क्षणभरही बंद पडून चालत नाही. एवढ्यासाठी कुबरनेटीस ही अनेक सर्व्हरांवर अ‍ॅप चालवणारी अवजड यंत्रणा उभारणे म्हणजे चाळीतल्या सत्यनारायणासाठी शिवाजी पार्कात मंडप घालणे. म्हणून मुंबईतल्याच डेटा सेंटरमधला एक साधा उबुंटू सर्व्हर घेऊन त्यावर अ‍ॅप चढवण्यासाठी ‘कमल’ हे साधन वापरायला घेतले.

थर्टीसेव्हन सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने २०२३ मध्ये आणलेले हे साधन मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ते आपल्या संगणकावर डॉकर इमेज (अ‍ॅप आणि त्याला लागणारे सगळे यांचे एक गाठोडे) बांधते, रजिस्ट्रीत म्हणजे इमेजच्या कोठारात ठेवते, एसएसएच या सुरक्षित दूरजोडणीने सर्व्हरवर जाऊन नवा कंटेनर, म्हणजे त्या इमेजवरून चालणारी अ‍ॅपची प्रत, सुरू करते आणि ‘अप’ या पत्त्यावरून तो ठीक असल्याचे उत्तर आल्यावरच वाहतूक त्याच्याकडे वळवते. उत्तर आले नाही, तर जुना कंटेनर निमूटपणे काम करत राहतो. २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘ट्रॅफिक’ (Traefik) या बाहेरच्या प्रॉक्सीच्या, म्हणजे येणारी वाहतूक कंटेनरकडे वळवणाऱ्या मध्यस्थाच्या, जागी कमलचा स्वतःचा प्रॉक्सी आला. सर्व्हर एकच असेल, तर एचटीटीपीएससाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्रही तोच मिळवतो. हा भाग निर्विवाद उत्तम आहे.

सर्व्हरची राखण मात्र कमल करत नाही. डेटाबेस ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणजे जोडसेवा म्हणून त्याच सर्व्हरवर चालवता येतो, परंतु त्याचा पोर्ट नुसता ३३०६ असा उघडला, तर डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्स या लिनक्सच्या मूळ नियमयादीत घालत असल्यामुळे यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलने बंद केलेला तो दरवाजाही बाहेरच्यांना खुला राहतो. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हाच सर्व्हर) लिहिणे, किंवा पोर्ट न उघडता डॉकरच्या अंतर्गत नेटवर्कवरूनच डेटाबेस गाठणे, हाच मार्ग. बॅकअपची सोयही आपली आपणच करायची.

अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर एएमडी६४ (इंटेल-एएमडी धाटणीच्या प्रोसेसरच्या) सर्व्हरसाठी इमेज बांधणे फार संथ होते; तेवढ्यासाठी वेगळा बिल्डर, म्हणजे इमेज बांधणारा दुसरा संगणक, नेमलेला बरा.

‘रोलबॅक’ची आज्ञा जपून वापरावी. जुने कंटेनर सर्व्हरवर राखलेले असल्याने मागची आवृत्ती झटकन परत येते, पण डेटाबेसच्या रचनेतले बदल मागे फिरत नाहीत. शिवाय प्रत्येक अदलाबदलीत थोडा वेळ जुना आणि नवा कंटेनर एकाच डेटाबेसवर चालतात. म्हणून एखादा स्तंभ काढायचा असेल, तर एका आवृत्तीत त्याचा वापर थांबवावा आणि ती नीट रुळल्यावर पुढच्या आवृत्तीत तो काढावा.