वाचनालयातलं नागरिक विज्ञान: पाच महिने वापरल्यावर

मी सार्वजनिक वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळते. विज्ञानाची पदवी नाही, प्रयोगशाळेशी संबंध शाळेत आला तेवढाच. यंदाच्या उन्हाळी उपक्रमात नागरिक विज्ञान, म्हणजे साध्या माणसांनी निरीक्षणं नोंदवून शास्त्रज्ञांच्या कामाला हातभार लावणं, घ्यायचं ठरलं. दोन महिने सुट्टीचे आणि पुढचे तीन असे पाच महिने हा प्रकार चालवला. आधीच सांगून टाकते: चालू ठेवण्यासारखा आहे, पण आम्ही ज्या पद्धतीनं सुरू केला त्या पद्धतीनं नाही.

सुरुवात आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपनं केली. झाड, किडा, पक्षी दिसला की फोटो टाकायचा, बाकीचे लोक ओळख पटवतात. तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं उघडता येत नाही, म्हणून धाकट्यांना सीक हे दुसरं अ‍ॅप दिलं. त्याला खातं लागत नाही, कॅमेरा रोखला की ते नाव सुचवतं. इथे पहिली चूक आमची. उन्हाळी वाचनात पुस्तकामागे स्टिकर देतो, तसं नोंदीमागे स्टिकर ठेवलं. चौथ्या दिवशी एका पठ्ठ्यानं आवारातल्या एकाच झाडाचे अकरा फोटो आणले. दुसऱ्या एकीनं घरातल्या सगळ्या कुंड्या संपवल्या. हौसेनं लावलेलं झाड टाकायला हरकत नसते, पण तसं नमूद करावं लागतं आणि ती नोंद ‘संशोधन दर्जा’ला, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी मानली जाण्याइतकी, पोचत नाही. त्यासाठी सजीव आपापला वाढलेला हवा, तारीख, ठिकाण आणि फोटो हवा, आणि ओळखीवर दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत हवं. हे मुलांना समजावताना मलाच नीट कळलं.

पालकांचा एक प्रश्न रास्त होता: घराजवळचा फोटो टाकला तर पत्ता जगजाहीर होणार का? ठिकाण धूसर करायची सोय आहे, ती आम्ही पहिल्याच दिवशी दाखवायला हवी होती. दाखवली तिसऱ्या आठवड्यात.

खरा रंग भरला तो ढगांनी. ग्लोब ऑब्झर्व्हर हे अ‍ॅप 2016 पासून आहे. त्यात आकाश किती झाकलंय, ढग कोणत्या प्रकारचे आहेत हे नोंदवायचं आणि चार दिशा, वर, खाली असे सहा फोटो काढायचे. आमच्या नोंदी मोठ्यांच्या खात्यावरून गेल्या. एखादा उपग्रह वरून जाण्याच्या पंधरा मिनिटं मागेपुढे नोंद केली तर उपग्रहानं काय पाहिलं आणि तुम्ही काय पाहिलं, याची तुलना ईमेलनं येते. ती आम्ही छापून सूचना फलकावर लावायचो. उपग्रह वरून बघतो, त्यामुळे उंचावरच्या ढगांच्या थराखाली काय दडलंय ते त्याला सहसा दिसत नाही. खालून बघणारा माणूस म्हणून तर हवा. हे एकदा पटलं की नऊ वर्षांचं पोरही मान वर करून पाच मिनिटं उभं राहतं.

झाकलेलं आकाश मोजायचा सराव कागदावर होतो. पांढऱ्या कागदाचे दहा समान भाग करायचे, त्यातले तीन-चार घेऊन फाडायचे आणि तेवढ्याच आकाराच्या निळ्या कागदावर एकमेकांवर न चढवता विखरून चिकटवायचे. मग बाकीच्यांनी अंदाज सांगायचा. तीन भाग चिकटवले होते, तर मुलं साठ टक्के म्हणाली, मी पन्नास. विखुरलेलं पांढरं डोळ्याला जास्तच वाटतं. उन्हाळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला तास तो.

आता फजिती. दिशा बघायला होकायंत्रं आणली, जाडसर कापडी पिशव्यांत घातली आणि पुस्तकासारखी सात दिवसांसाठी घरी दिली. आठवड्याभरानं एक मुलगा तणतणत आला, ‘‘ताई, आमच्याकडे सूर्य पश्चिमेला उगवतो.’’ मी हसले, पण त्याच्या पिशवीतल्या होकायंत्राची सुई खरंच उलटी होती! पिशवीच्या झाकणाला चुंबकाचं बटण, आणि त्याला लागून दिवसच्या दिवस होकायंत्र. सुईचं चुंबकत्वच फिरलं होतं. त्या पिशवीतून गेलेल्या नोंदींत उत्तर-दक्षिण अदलाबदल झालेली असणार, त्या आम्ही बाद धरल्या. आता साधी नाडीची पिशवी आहे, आणि परत आलेलं होकायंत्र मी वाचनालयातल्या दुसऱ्या होकायंत्राशी ताडून बघते.

पिशवी घरी देणं मात्र फार कामाचं ठरलं. ठरावीक वेळेच्या कार्यक्रमाला जी मुलं येऊच शकत नाहीत त्यांच्याकडे ती पोचली. बारकोड, परतीची तारीख, आत काय काय आहे त्याची यादी, हे आमच्या रोजच्याच कामातलं. पाच महिन्यांत एक भिंग फुटलं, एक ढगांचा तक्ता भिजला. पुस्तकांचे हाल याहून वाईट होतात.

झूनिव्हर्स या संकेतस्थळावर शास्त्रज्ञांकडचे फोटो बघून त्यात काय दिसतं ते सांगायचं असतं. ते संगणकावर चालतं आणि खात्याशिवायही काम करता येतं, म्हणून पावसाच्या किंवा कडक उन्हाच्या दिवशी सोयीचं. 2007 मध्ये सुरू झालेल्या, आकाशगंगांचे आकार ओळखण्याच्या उपक्रमातून ते उभं राहिलं. त्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एका फोटोत कुणालाच न ओळखू आलेला ठिपका दिसला होता. ही गोष्ट मुलांना आवडते, पण तासाभरानं ती कंटाळतात हेही खरं. मोठी माणसं आणि आजी-आजोबा मात्र तिथे जास्त वेळ रमले, ते अपेक्षित नव्हतं.

स्टिकरचा नियम महिन्याभरानं बदलला: नोंदींची संख्या नाही, त्याच जागी परत किती दिवस गेलात ते मोजायचं. गर्दी थोडी घटली. पण एक सातवीतली मुलगी सलग तीन आठवडे यायची आणि एक दिवस कोरा कागद घेऊन उभी राहिली. आकाश स्वच्छ होतं, लिहायला काहीच नव्हतं. ‘‘ढग नाहीत’’ असंही लिहायचं असतं, अ‍ॅपमध्ये त्याचा वेगळा पर्याय आहे, हे सांगितल्यावर तिला ते फसवल्यासारखं वाटलं. काहीच नाही, त्याची काय नोंद? मग मी वाचनालयाची जुनी हजेरीवही काढली. ज्या दिवशी कुणीच आलं नाही तिथेही शून्य लिहिलेलं होतं, आणि एका पानावर जागाच रिकामी. ‘‘या दिवशी कुणी आलं नाही, की लिहायचं राहिलं?’’ असं मी तिला विचारलं. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली.

पुढच्या वर्षी आयनॅचरलिस्ट दुसऱ्या महिन्यात आणणार, ढग पहिल्या दिवसापासून. पिशव्या सहा आहेत, निदान दहा हव्यात. सध्या पाच कपाटात आहेत आणि एक त्या मुलीकडे. तिनं मुदत दोनदा वाढवून घेतली आहे.