खाचेची उशी, पेल्व्हिक बेल्ट आणि ती अजस्र यू-उशी: माकडहाड दुखणाऱ्या गरोदर बाईचा अभिप्राय

निकाल आधी सांगते, कारण ज्यांना हे दुखतंय त्यांना फार वेळ एका जागी बसून वाचता येत नाही. मागच्या बाजूला खाच असलेली फोमची उशी: घ्या. पेल्व्हिक बेल्ट, म्हणजे खुब्यांभोवती बांधायचा पट्टा: आधी गादीवर पडून एक चाचणी करा, मग ठरवा. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची अंगभर उशी: पलंग मोठा आणि नवरा समजूतदार असेल तरच.

मी हिशेब तपासते. म्हणजे दिवसभर खुर्ची, आणि सवय अशी की कुठल्याही वस्तूच्या खोक्यावर जे लिहिलंय ते खरं आहे का, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ही माझी दुसरी खेप. पहिल्या वेळी माकडहाड नावाचा अवयव आपल्याला आहे याची आठवणही झाली नव्हती. या वेळी पाचवा महिना लागला आणि खुर्चीतून उठताना तिथे कुणी सुरी खुपसावी तशी कळ यायला लागली. पाठोपाठ समोरून, जांघांच्या मधल्या हाडातही. एका डॉक्टरबाईंनी मान वर न करता सांगितलं, 'गरोदरपणात दुखायचंच.' दुसऱ्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, आणि फिजिओने पहिलाच प्रश्न विचारला: 'लहानपणी कधी बुडावर पडला होतात का?' पडले होते. जिन्याच्या पायऱ्यांवरून घसरत, चांगली खालपर्यंत. कमरेची किंवा ओटीपोटाच्या हाडांची जुनी दुखापत असली की गरोदरपणात हे दुखणं डोकं वर काढण्याची शक्यता वाढते, असं ती म्हणाली.

तिच्याकडून कळलेली सगळ्यात कामाची गोष्ट ही की माझी दुखणी दोन होती. दुकानात मात्र दोघांवर एकच औषध असल्यासारखा माल विकतात. माकडहाड म्हणजे कण्याचं शेवटचं टोक. तीन ते पाच चिमुकले मणके जुळून झालेलं. तिथलं दुखणं बसल्यावर वाढतं, मागे रेलून बसलं की जास्तच. दुसरं ते ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांचं. त्याला डॉक्टर पेल्व्हिक गर्डल पेन म्हणतात. हे सांधे तीन: एक समोर, दोन मागे कमरेच्या खाली, डावी-उजवीकडे. गरोदरपणात अस्थिबंध सैल पडतात, समोरच्या सांध्यातली चार-पाच मिलिमीटरची फट आणखी दोन-तीन मिलिमीटरने रुंदावते, आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र सांधे एकमेकांशी जुळवून हलेनासे झाले की जिना चढताना, कूस बदलताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना जीव कळवळतो. सुमारे पाचांतल्या एका गरोदर बाईला हे होतं. इतक्या जणींना होत असताना 'दुखायचंच' या एका शब्दात गुंडाळलं कसं जातं, हा प्रश्न मी त्या पहिल्या डॉक्टरबाईंसाठी सोडून देते.

आता उशी. मेमरी फोमची, पाचरीसारखी: मागे जाड, पुढे पातळ, आणि मागच्या कडेला मधोमध यू आकाराची खाच. खाच पाठीकडे येईल अशी ठेवायची. माकडहाड त्या खाचेवर अधांतरी राहतं, आणि पाचरीच्या उतारामुळे अंग किंचित पुढे झुकून वजन बैठकीच्या दोन हाडांवर जातं. म्हणजे काम दोन गोष्टी करतात, खाच आणि उतार. बाजारात सपाट, नुसती खाच असलेल्याही उशा आहेत; त्यांनी अर्धंच काम होतं, कारण माणूस त्यावर मागे रेलतोच.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने प्रेमाने तिची गोल, मध्ये भोक असलेली उशी आणून दिली होती. ती मुळात मूळव्याधीवाल्यांच्या उपयोगाची. भोक मधोमध आणि माकडहाड त्याच्या मागे, म्हणजे ते नेमकं मागच्या काठावर टेकतं. शिवाय मधला भाग खाली लोंबकळल्यासारखा होऊन, आधीच पोटाचं ओझं पेलणाऱ्या स्नायूंवर ताण येतो. मैत्रिणीला थँक्यू म्हणून परत केली.

उशी विकत घेताना कुणी सांगत नाही ती गोष्ट फोमच्या घट्टपणाची आहे. दुकानात बोटाने दाबून बघतात आणि 'किती मऊ!' म्हणतात. मूठ वळा आणि अंगाचा भार टाकून दाबा. मूठ खालच्या टेबलाला लागली, तर बसल्यावर तुमचं माकडहाडही खुर्चीला लागणार. माझ्या उशीचा फोम हाताला जवळजवळ कडक वाटतो. बसल्यावर हळूहळू रुततो आणि एका ठिकाणी थांबतो. तो थांबतो, याचेच पैसे द्यायचे. वर निळ्या जेलचा थर असलेलीही बघितली. पहिली दहा मिनिटं गार, नंतर अंगाइतकीच गरम, आणि उचलून या खोलीतून त्या खोलीत न्यायला जड. गरोदर बाईने उचलायच्या वस्तूंची यादी तशीही बरीच लांब असते.

तक्रारी आहेत. नवीन फोमला वास येतो, आणि या दिवसांत नाकाला जरा जास्तच कळतं. खोळ काढून उशी वाऱ्यावर टाकावी लागली. गुळगुळीत खुर्चीवर घसरते, खालचे रबरी ठिपके नावापुरते आहेत. उशीने तुम्ही चांगल्या वर येता, मग पाय लोंबतात आणि मांड्यांखाली रग लागते. पायाखाली काहीतरी हवंच. मी जुन्या फायलींचा गठ्ठा ठेवला, तोच त्या फायलींचा पहिला खरा उपयोग. गाडीत मात्र ही उशी जमली नाही. गाडीची सीट आधीच मागे खोलगट असते, त्यात पाचर ठेवली की तिचा उतार संपतो. आणि कितीही चांगली उशी असली तरी अर्ध्या तासाने उठून चार पावलं टाकायची, याला पर्याय नाही.

तरी पाचात साडेचार. दुपारनंतरही माझं लक्ष पुन्हा हिशेबाच्या कागदांवरच राहायला लागलं, एवढं पुरे.

बेल्टची गोष्ट जरा गुंतागुंतीची. दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. एक रुंद, पोटाला खालून उचलून धरणारी; पोटाचं ओझं आणि पाठदुखी यांसाठी. दुसरी अरुंद, पोटाच्या खालून खुब्यांभोवती करकचून बसणारी, ही सांध्यांसाठी. ऑनलाइन विकणाऱ्यांनी दोन्हींना हसऱ्या बाईचा एकच फोटो लावलाय. तो न बघता रुंदी बघा, आणि बेल्ट कुठे बसतो ते बघा.

आणि घेण्याआधी ही चाचणी करा. मला फिजिओने करून दाखवली. गादीवर थोडा वेळ उताणं पडायचं, दोन्ही पाय सरळ. एक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलायचा. माझा उजवा आरामात आला. डावा हलेचना, पाय माझाच, पण कुणीतरी गादीला खिळवून ठेवलेला. मग तिने दोन्ही तळहात माझ्या दोन्ही खुब्यांवर ठेवून बाजूंनी आत दाबलं आणि म्हणाली, 'आता उचला.' उचलला गेला, हलका. असा फरक पडला तर बेल्टचा फायदा होण्याची शक्यता चांगली, कारण बेल्ट तेच दाबण्याचं काम करतो. फरक पडला नाही, तर पैसे वाचवा. घरी नवऱ्याकडून पुन्हा करून घेतली. पाय उचलला गेला, त्याचं श्रेय तो अजून स्वतःच्या ताकदीला देतो.

बांधायचा कसा, तर कमरेपाशी पुढे दोन बाजूंना जी हाडांची टोकं हाताला लागतात, त्यांच्या खाली. उभं राहून, आणि पोटावर दाब न येता. चालताना, उभ्याने काम करताना बांधायचा. झोपताना काढायचा, बसल्यावर सैल करायचा. चालताना खरोखर आधार वाटतो, पावलं मोजूनमापून टाकावी लागत नाहीत. पण बसलं की तो वर सरकतो आणि पोटात रुततो, वेल्क्रो ओढणीचे धागे ओढतो, घामाने कडेला पुरळ येतं (खाली सुती कपडा हवाच), आणि शेवटच्या महिन्यांत ज्या संख्येने बाथरूमला जावं लागतं ती बघता, बांधणं-सोडणं हाच एक व्यायाम होतो. कंपनीने पाठवलेल्या कागदावर 'दिवसभर वापरा' लिहिलंय. माझ्या फिजिओने ते वाचून फक्त भुवया उंचावल्या. पाचात तीन, चाचणीत पाय हलका झाला असेल तर चार.

यू-उशीबद्दल मला थोडा रागच आहे. दिसते फार सुंदर. त्यात शिरून पडलं की पाठीला टेकण, पोटाला टेकण, गुडघ्यांत उशी, सगळं एकदम. आणि अठ्ठावीस आठवड्यांनंतर कुशीवरच झोपावं असं डॉक्टर सांगतात, तेव्हा असा बंदोबस्त चांगलाच वाटतो. पण रात्री कूस बदलायची वेळ येते. हालायला जागाच नाही. यू-उशीचं वजन पायांनी ढकला, कंबर उचला, वळा. आणि पेल्व्हिक दुखण्यात सगळ्यात जास्त कळ येते ती नेमकी याच हालचालीला. म्हणजे ज्या कळेसाठी उशी आणली, ती कळ उशीनेच वाढवली. त्यात नवरा पलंगाच्या काठावर. दोनच दिवसांत तो म्हणाला, 'तुमच्या दोघींत मी कुठे झोपू?'

तिच्या जागी घरातल्याच दोन साध्या उशा आल्या. एक पोटाखाली, एक दोन्ही पायांमध्ये. ही दुसरी गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पुरायला हवी. नुसती गुडघ्यांत ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि कंबर पिळवटते. कूस बदलताना उशी गुडघ्यांत घट्ट दाबायची, गुडघे जुळलेले ठेवायचे आणि खांदे, कंबर, पाय असं सगळं अंग एकदम वळवायचं. अंगात सुळसुळीत कापडाचा गाऊन असेल तर आणखी सोपं. सुती गाऊन चादरीला धरून बसतो.

तिन्ही वस्तू वापरल्यावर माझं मत असं झालं की हा सगळा माल स्थिर बाईसाठी बनवलाय. बसलेली बाई, पडलेली बाई. दुखणं मात्र बसण्याच्या आणि उठण्याच्या मधे असतं, आणि त्या मधल्या जागेसाठी कुणी काही विकत नाही. तिथे उपयोगी पडलं ते फिजिओने शिकवलेलं: खुर्चीतून उठताना आधी काठावर सरकून, पुढे झुकून, मगच उठायचं, सलवार बसूनच घालायची, जिन्याची एकेक पायरी, दोन्ही पाय जुळवत, गाडीतून उतरताना गुडघे जुळवून दोन्ही पाय एकदम बाहेर. पाण्यातला व्यायाम चांगला, पण बेडकासारखे पाय फाकवून मारायचं पोहणं या दुखण्यात बंद. सोबत ओटीपोटाच्या तळाचे आणि पोटाचे हळुवार व्यायाम. या सेवेला तारे देता येत असते तर पाच दिले असते, एवढंच की वेळ मिळायला ताटकळावं लागतं.

गोळ्यांचं मी काही सुचवणार नाही, एकच सांगते: घरात पडलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत, वीस आठवड्यांनंतर तर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. आणि दुखणं ठरावीक वेळाने येत-जात असेल, रक्तस्राव झाला, पाणी गेलं, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, बाळाची हालचाल कमी वाटली, पायांत किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर उशी-बेल्टचे अभिप्राय वाचत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

शेवटची वस्तू शिवणाच्या डब्यातली आहे, कापडी टेप. उताणं पडून किंवा खुर्चीच्या काठावर बसून, कळ न येता गुडघे किती फाकवता येतात ते मोजायचं, दोन गुडघ्यांमधलं अंतर. प्रसूतीच्या वेळी त्याच्या पलीकडे पाय ताणले जाऊ नयेत, म्हणून हा आकडा आधीच सांगून ठेवायचा असतो; भूल दिलेली असेल तर कळ जाणवतच नाही, तेव्हा तर जास्तच. माझ्या डॉक्टरांनी तो फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घेतलाय, आणि त्याखाली: प्रसूती कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर.