निळा रंग म्हणजे पाणी नव्हे: इंदुरातली ड्रोन चुंबकीय सर्वेक्षण सेवा

बोअर पाडण्याआधी शेतावरून ड्रोन फिरवून चुंबकीय नकाशा करून देणारी इंदुरातली एक सेवा. काम महूकडच्या जमिनीवरचं. पाचपैकी तीन गुण.

उड्डाण चांगलं. सेन्सर दोरीने ३ मीटर खाली लोंबतो, त्यामुळे मोटारींचं चुंबकत्व त्याला कमी बाधतं. ओळी उत्तर-दक्षिण, ३० मीटर अंतराने. उंचीही ३० मीटर. नर्मदेच्या पट्ट्यातले बरेच डाइक, म्हणजे भेगेत लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या उभ्या भिंती, पूर्व-पश्चिम धावतात, त्यांना आडवं कापणं बरोबरच. वाऱ्याने सेन्सर झोके घेतो, आलेख दातेरी होतो. अशा ओळी त्यांनी पुन्हा उडवल्या.

घोळ जमिनीवर. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसभरात वीस-पन्नास नॅनोटेस्ला (क्षेत्र मोजायचं एकक) वरखाली होतं. ते वजा करायला बेस स्टेशन, म्हणजे एकाच जागी ठेवलेला दुसरा सेन्सर, लागतं, आणि इथे ते नेमकं जीप उभी राहते तिथे होतं! गाडी हलली की आकडा हलतो. ओळींचे आकडे एकमेकांशी जुळवायला लागणाऱ्या आडव्या तपासणी-ओळी दोनच. परिणामी नकाशावर खडकापेक्षा उड्डाणाचेच पट्टे ठळक.

नकाशावर जास्त चुंबकीय आकडा लाल, कमी निळा. खरी फसगत अहवालात आहे: निळा भाग म्हणजे पाणी! इंदूरच्या अक्षांशावर साध्या डाइकचं लाल शिखर त्याच्या दक्षिणेला आणि निळी दरी उत्तरेला सरकते. शिवाय माळव्यातल्या काही लाव्हा-थरांचं चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेचं, म्हणजे कणखर काळा पाषाणही निळा दिसू शकतो.

जिवंत ज्वालामुखींवरही एकट्या चुंबकीय नकाशावर सहसा विसंबत नाहीत. अमेरिकेत माउंट रेनियरवर हेलिकॉप्टरने चुंबकीय आणि विद्युतचुंबकीय मोजणी सोबत केली. गरम आम्लयुक्त पाण्याने सडलेल्या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज नष्ट होतं आणि चिकणमाती वाढते. चुंबकत्व व विद्युतरोध दोन्ही घसरले, तरच तो भाग कमकुवत धरला. यलोस्टोनवर २०१६ साली विद्युतचुंबकीय कडं हेलिकॉप्टरला टांगून गरम पाण्याच्या वाटा शोधल्या, त्याही चुंबकीय मोजणीच्या जोडीनेच.

तेव्हा ही सेवा डाइकची जागा आणि दिशा कळण्यापुरतीच घ्यावी. डाइक पाणी अडवतो, कधी त्याच्या भेगांतून वाहूही देतो. ते ठरवायला डाइकच्या दोन्ही बाजूंना जमिनीवरचा रेझिस्टिव्हिटी (विद्युतरोध) सर्वे करावाच. पैसे देण्याआधी कच्चे आकडे आणि बेस स्टेशनची नोंद मागावी, आणि एकच ओळ जाता-येता दोन्ही दिशांनी उडवून दाखवायला सांगावं. दोन आलेख जुळले नाहीत, तर बाकीच्या ओळीही पुन्हा उडवून घ्याव्यात.