पगडीच्या आतला कागद

आमच्या घरी पणजोबांचा एकच फोटो आहे. अंगरखा, उपरणं आणि डोक्यावर पगडी, तिचं पुढचं टोक किंचित डावीकडे झुकलेलं. ती पगडी वाड्याच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात असायची. 1994 मध्ये वाडा पाडला आणि तो डबा कुठे गेला ते कुणालाच सांगता येत नाही. गेली नऊ वर्षं मी जुन्या पगड्या, पागोटी, टोप्या शोधते आहे, त्याचं मूळ तिथे आहे.

हा शोध फार थकवतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पितळी डबे, अडकित्ते, कंदील हवे तेवढे दिसतात. धातू टिकतो, शिवाय मोडीत घालायलाही उपयोगी. पगडी म्हणजे तलम कापड आणि खळ. कसर लागते, उंदीर खातात, आणि घालणारा माणूस गेला की ती घरच्यांना अडचण वाटते. रानड्यांच्या, टिळकांच्या छायाचित्रांत दिसते तशी खरोखर जुनी पगडी हाती येणं मुश्किल. नऊ वर्षांत मला एक अर्धी कुरतडलेली पगडी आणि भेंडाची एक सोला हॅट मिळाली, बस.

म्हणूनच मी फसले. मागच्या पावसाळ्यात एका फिरत्या विक्रेत्याशी ओळख झाली. पन्नाशीचा, बोलायला गोड, मला ताई म्हणायचा. चहा पिता पिता मी त्याला वाड्याची गोष्ट सांगितली आणि मोबाइलवरचा पणजोबांचा फोटो दाखवला. त्याने तो मागून घेतला, "डोळ्यांसमोर राहील" म्हणून. बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, सातारकडच्या एका घरात अगदी तशीच मिळालीय. दीडशे वर्षांची. दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय."

पगडी हातात घेतली तेव्हा माझे डोळे भरून आले. पुढचं टोक डावीकडे झुकलेलं! आतल्या बाजूला मोडी अक्षरांचा पिवळा, जीर्ण कागद चिकटवलेला. तो म्हणाला, "हा पुरावा बघा." किंमत 18,500 रुपये. 5,000 फोनवरून पाठवले, बाकीचे रोख दिले. बिल मागितलं तर "घरगुती वस्तूचं कसलं बिल, ताई" असं उत्तर आलं. तिथेच थांबायला हवं होतं. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार करायला 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे परवाना लागतो. वस्तू दीडशे वर्षांची म्हणून विकणाऱ्याकडे तो मागायचा, हे मला माहीत असूनही त्या क्षणी सुचलं नाही.

चौथ्या दिवशी जरीचा एक सुटलेला धागा दिसला. कात्रीने तेवढाच कापून चिमट्यात धरून पेटवला. खऱ्या जरीत रेशमावर चांदीची तार गुंडाळलेली असते. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि तार उरते. माझा धागा वितळला आणि त्याचा काळा, कडक मणी झाला. पॉलिएस्टर! त्याचा शोधच 1941 चा. मग दुकानातून नोटा तपासायचा निळा दिवा आणून अंधारात धरला. शिवणीचा दोरा पांढराशुभ्र चमकला. असं चमकवणारं रसायन दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास आलं. साबणात धुतलेलं जुनं कापडही चमकतं, हे खरं, पण खळ दिलेली पगडी कोण साबणात धुतो?

शेवटी वाफेवर कागद सोडवला. खाली कोरा पुठ्ठा होता आणि गोंदाच्या पिस्तुलाने ओढलेली सरळ, पारदर्शक रेघ. माझ्या फोटोवरून त्याने ती बनवून घेतली होती. काय हवंय ते मीच त्याला दाखवलं होतं, अगदी टोकाच्या झुकण्यासकट.

कारागीर नव्या पगड्या उत्तम बनवतात, पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. नवी म्हणून विकली असती तर मी आनंदाने घेतली असती.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, पोलिसांत तक्रार दिली. त्याचा नंबर बंद आहे, पैसे आले नाहीत. पण मला पैशांपेक्षा तो कागद जास्त लागला. मोडी वाचणाऱ्या एका सरांना दाखवला. कागद अस्सल निघाला. कुणीतरी उसने घेतलेल्या ज्वारीची पावती, कात्रीने गोल कापलेली. कर्ज घेणाऱ्याचं नाव अर्ध्यात तुटलंय, साक्षीदारांच्या सह्या कापून गेल्यात. अशी दप्तरं रद्दीच्या भावाने मिळतात, आणि खोट्याला खरं ठरवायला खरी वस्तू अशी कापली जाते.

हे सगळं मी ओळखीच्या संग्राहकांना फोटोंसकट कळवलं. गेल्या महिन्यात नाशिकच्या एका काकूंनी मला फोटो पाठवला. त्यांना 22,000 रुपयांना एक पागोटं दाखवलं होतं, पैसे द्यायचे होते. आत मोडी कागद. तेच वळण, तीच शाई. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. माझ्या कागदावर तुटलेल्या नावाची उरलेली अक्षरं त्यांच्या पागोट्यात होती.